चाव्या कोणाच्या हाती द्याल?

संस्थेसाठी प्रमुख निवडताना हुशारी लगेच दिसते, प्रामाणिकपणा मात्र शोधावा लागतो. तो कसा शोधायचा, ते जाणून घ्या.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण आपण स्थळ पाहताना, घर घेताना, अगदी आंब्याची पेटी घेतानाही आठवतो. पण आपल्या संस्थेसाठी मॅनेजर, मुख्याध्यापिका किंवा केंद्रप्रमुख निवडायची वेळ आली की तीच म्हण सोयीस्कररीत्या विसरतो. समोरची व्यक्ती आत्मविश्वासाने बोलते, आधीच्या कंपनीचे नाव मोठे आहे, ओळखीतल्या कोणीतरी शिफारस केली आहे, एवढ्यावर अर्ध्या तासात निर्णय होतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या चाव्या तिच्या हातात जातात.

आज घरातून सुरू झालेले कितीतरी व्यवसाय मोठे झाले आहेत. कोणाचा मसाल्यांचा उद्योग आहे, कोणाचे पाळणाघर, कोणाचे कोचिंग क्लासेस, तर कोणी मैत्रिणींना घेऊन सामाजिक संस्था चालवत आहे. एका टप्प्यावर सगळीकडे स्वतः लक्ष देणे शक्य होत नाही. दुसरी शाखा काढायची असते किंवा घरातल्या आजारी माणसाकडे पाहायचे असते. मग कोणावर तरी भरवसा टाकावाच लागतो. हा भरवसा चुकीच्या जागी पडला तर नुकसान फक्त पैशांचे होत नाही. तिथे काम करणाऱ्या महिला, तिथे येणारी मुले, वर्षानुवर्षे जोडलेले ग्राहक या सगळ्यांना त्याची झळ बसते.

प्रमुखाची निवड वेगळी का?

पॅकिंग करणारी व्यक्ती कामचुकार असेल तर ते आठवड्याभरात कळते. हिशेब लिहिणारा चुका करत असेल तर महिनाअखेरीस ते लक्षात येते. पण प्रमुखच अप्रामाणिक असेल तर ते कळायला दोन-दोन वर्षे जातात. याचे कारण सोपे आहे. संस्थेत काय चालले आहे, हे तुम्हाला सांगण्याचे कामच त्या व्यक्तीकडे असते. तक्रार तिच्यामार्फत येते, हिशेब तिच्यामार्फत येतो, नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याने ती का सोडली, हेसुद्धा तुम्ही तिच्याच तोंडून ऐकता.

त्यामुळे निवड करताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच असायला हवा, की ही व्यक्ती मला वाईट बातमी सांगेल का? माल खराब झाला, पालक चिडले, पैशांचा मेळ लागत नाही, माझ्याकडून चूक झाली, ही वाक्ये जी व्यक्ती वेळेवर उच्चारू शकते ती विश्वासू. बाकी गुण शिकवता येतात, हा गुण मात्र आधीपासूनच असावा लागतो.

एक उदाहरण, जे विसरता येत नाही

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपण यानाचे उड्डाण झाले आणि ते फसले. या प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि इस्रोचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. पत्रकारांसमोर जायची वेळ आली तेव्हा धवन स्वतः गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या वेळी पत्रकारांना सामोरे जाण्यासाठी धवन यांनी कलाम यांना पुढे केले. ही आठवण कलाम यांनी नंतर अनेक भाषणांत सांगितली.

यातून आपल्याला एक साधी फूटपट्टी मिळते. अपयशाच्या वेळी ही व्यक्ती कुठे उभी असते आणि यशाच्या वेळी कोणाला पुढे करते, हे पाहा. उमेदवाराच्या आधीच्या नोकरीतील प्रसंग ऐकताना हीच फूटपट्टी लावायची असते.

छाप का फसवते?

आत्मविश्वास आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण मुलाखतीत त्या सारख्याच दिसतात. मानसशास्त्रज्ञ टोमास चामोरो-प्रेमुझिक यांनी २०१९ मध्ये या विषयावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. नालायक पुरुष इतक्या मोठ्या संख्येने नेतेपदी का पोहोचतात, असा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे. त्यांचे म्हणणे असे, की आपण बडेजाव आणि आत्मविश्वास यांनाच नेतृत्वगुण समजतो. याचा फटका अनेकदा शांतपणे, नेमके बोलणाऱ्या महिलांना बसतो.

पुरस्कार आणि प्रतिष्ठा हीसुद्धा हमी नसते. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीला २००८ मध्ये उत्तम कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर काही महिन्यांतच, ७ जानेवारी २००९ रोजी, कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की हिशेब कित्येक वर्षे फुगवून दाखवले जात होते. हा घोटाळा ७,००० कोटी रुपयांहून मोठा होता. पुरस्कार नंतर काढून घेण्यात आला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने राजू यांना दोषी ठरवले. मोठमोठे लेखापरीक्षक आणि संचालक जिथे फसले, तिथे आपण केवळ चेहरा पाहून माणूस ओळखू, हा भ्रम सोडलेला बरा.

मुलाखत गप्पांची नको, तयारीची हवी

बहुतेक छोट्या संस्थांत मुलाखत म्हणजे चहा घेता घेता मारलेल्या गप्पा असतात. गाव कोणते, घरी कोण असते, आमच्याकडे काय पगार अपेक्षित आहे, झाले! १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी कर्मचारी निवडीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात असे दिसले, की मनात येईल ते विचारण्यापेक्षा आधी ठरवलेले, सर्वांना सारखेच विचारलेले प्रश्न माणसाच्या पुढील कामाचा अंदाज अधिक चांगला देतात.

म्हणून पाच-सहा प्रश्न आधीच लिहून काढा. प्रत्येक उमेदवाराला तेच विचारा. सोबत आणखी एका व्यक्तीला बसवा आणि दोघींनी एकमेकींशी न बोलता आपापले गुण लिहा. त्यानंतरच चर्चा करा. खालील प्रश्न उपयोगी पडतील.

– तुमच्या हातून झालेली, इतरांना त्रास झालेला एक चूक सांगा. ती कोणाला, कधी आणि कशी सांगितली? 'मी फार जास्त काम करते, हीच माझी चूक' असे गुळगुळीत उत्तर आले तर थांबा आणि पुन्हा विचारा. प्रामाणिक व्यक्तीच्या उत्तरात दिवस, माणसे आणि परिणाम असतात.

– तुमच्या सर्वांत मोठ्या यशात आणखी कोणाकोणाचा वाटा होता? जिला कोणाचेच नाव आणि काम आठवत नाही, तिने एकतर ते पाहिलेले नसते किंवा ती ते सांगू इच्छित नसते.

– वरिष्ठांचा कोणता निर्णय तुम्हाला पटला नव्हता? तेव्हा काय केले? तोंडावर सांगितले, मागून कुजबुज केली की गप्प बसलात, हे यातून उलगडते.

– आधीची नोकरी का सोडली? प्रत्येक ठिकाणचे वरिष्ठ वाईट, प्रत्येक ठिकाणचे सहकारी राजकारणी आणि एकटी हीच सरळ असेल, तर सावध व्हा. मात्र कोणाला खरोखरच वाईट अनुभव आलेला असू शकतो. म्हणून एका तक्रारीवरून मत बनवू नका, सगळ्या उत्तरांचा कल पाहा.

प्रसंग समोर ठेवा

प्रश्नांपेक्षाही प्रसंग जास्त बोलका असतो. तुमचे पाळणाघर असेल तर विचारा, 'दुपारी चार वाजता एका मुलाच्या कपाळाला टेंगूळ आले. आई सहा वाजता येणार आहे. मूल आता हसत-खेळत आहे. तुम्ही काय कराल?' मसाल्यांचा उद्योग असेल तर विचारा, 'मोठ्या ऑर्डरचा माल रवाना झाल्यावर कळले, की एका घाण्यात मीठ दुप्पट पडले आहे. ग्राहकाची अजून तक्रार नाही. पुढे काय?'

आईला लगेच फोन करणारी, ग्राहकाला स्वतःहून कळवणारी आणि त्याच वेळी चूक करणाऱ्या मदतनीस ताईंना सर्वांसमोर न झापणारी व्यक्ती सापडली, तर तिच्या अनुभवाची दोन वर्षे कमी असली तरी चालतील. 'आधी पाहू, कोणी विचारले तर सांगू' असे उत्तर आले, तर तेच उत्तर उद्या तुमच्या बाबतीतही लागू होणार आहे, हे लक्षात घ्या.

उमेदवाराचे इंग्रजी कसे आहे, ती घाबरली आहे का, तिच्या नोकरीत बाळंतपणामुळे तीन वर्षांचा खंड आहे का, यांचा विश्वासार्हतेशी काहीही संबंध नाही. खंडाचे कारण ती सरळ सांगते का, एवढेच पाहा.

वरिष्ठांना नाही, हाताखालच्यांना विचारा

चौकशी करताना आपण नेहमी उमेदवाराच्या आधीच्या साहेबांना फोन करतो. पण साहेबांसमोर सगळेच गोड असतात. माणूस ओळखायचा असेल तर ज्यांच्यावर त्याचा अधिकार चालत होता, त्यांना विचारायला हवे. उमेदवाराला स्पष्ट सांगा, 'तुमच्या हाताखाली काम केलेल्या दोन व्यक्तींशी बोलायला आम्हाला आवडेल.' ज्याने माणसे जपली आहेत त्याला अशी दोन नावे द्यायला अडचण येत नाही. सध्याच्या नोकरीच्या ठिकाणी मात्र परवानगीशिवाय फोन करू नका. त्यामुळे एखाद्याची असलेली नोकरीही जाऊ शकते.

'त्या कशा होत्या?' असे विचारले तर 'चांगल्या होत्या' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारा, तुमच्याकडून चूक झाली तर त्यांना सांगताना भीती वाटायची का? सुट्टी मागणे सोपे होते का? त्यांनी दिलेला शब्द पाळला नाही, असे कधी झाले का? पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल का? या शेवटच्या प्रश्नानंतर समोरची व्यक्ती किती वेळ गप्प राहते, तेही ऐका.

यामागे एक महत्त्वाचे संशोधन आहे. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांमधील गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून औषधे देताना कमी चुका होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे निघाले, चांगल्या गटांतच जास्त चुका नोंदवलेल्या होत्या. खोलात गेल्यावर कारण कळले. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर परिचारिका त्या न घाबरता सांगत होत्या. जिथे प्रमुखाचा धाक होता तिथे चुका झाकल्या जात होत्या. म्हणून 'आमच्याकडे कधीच काही चुकत नाही' असे सांगणाऱ्या प्रमुखाचे कौतुक करण्याआधी थोडे थांबा.

कागद तपासण्यात संकोच कसला?

आपल्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आहे. पण याहूसारख्या बलाढ्य कंपनीलाही हा संकोच महागात पडला. जानेवारी २०१२ मध्ये स्कॉट थॉम्पसन तिथे सीईओ झाले. त्यांच्या माहितीत लेखाशास्त्रासोबत संगणकशास्त्राचीही पदवी लिहिलेली होती. कंपनीच्या एका भागधारक संस्थेने शोध घेतला तेव्हा कळले, की पदवी फक्त लेखाशास्त्राची होती. मे २०१२ मध्ये, म्हणजे चार-पाच महिन्यांतच, थॉम्पसन यांना पद सोडावे लागले. जी गोष्ट नेमणुकीनंतर उघडकीस आली, ती नेमणुकीआधी एका चौकशीत कळू शकली असती.

तुम्ही उमेदवाराची लेखी परवानगी घेऊन पुढील गोष्टी सहज तपासू शकता.

– अनेक मंडळे आणि विद्यापीठांची गुणपत्रके व पदव्या डिजिलॉकरवर असतात. उमेदवाराला ती तिथूनच दाखवायला सांगा. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी आपल्या संकेतस्थळावर देते.

– भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, म्हणजे ईपीएफओच्या पोर्टलवर, आधीच्या नोकऱ्यांची नोंद असते. ज्यांचा पीएफ कापला जात होता त्यांच्या तारखा त्यातून पडताळता येतात. छोट्या संस्थांमध्ये पीएफ नसू शकतो, तिथे नेमणूक पत्र आणि पगाराच्या पावत्या पाहा.

– उमेदवार एखाद्या कंपनीत संचालक असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती माहिती मिळते. न्यायालयीन प्रकरणे ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येतात. पण एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात आणि खटला दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. काही सापडले तर आधी उमेदवारालाच त्याविषयी विचारा.

– मुलांसोबत काम असेल तर पोलीस पडताळणी टाळू नका, उमेदवार कितीही ओळखीचा असला तरी.

महिलांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही इथेच येतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. प्रमुखपदाच्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो पुरुष असो वा स्त्री, हे विचारा, 'तुमच्या आधीच्या ठिकाणी ही समिती होती का? एखादी तक्रार तुमच्याकडे आली तर पहिले पाऊल काय उचलाल?' 'आमच्याकडे असले काही होत नाही' किंवा 'मी आपसात मिटवून टाकीन' ही दोन्ही उत्तरे धोक्याची आहेत. तक्रार करणारीचे नाव गुप्त ठेवून ती समितीकडे नेणे, हे योग्य उत्तर.

ओळखीचा माणूस आणि घरातला माणूस

'आपला माणूस आहे, फसवणार नाही' हे वाक्य भारतातल्या प्रत्येक भाषेत असावे. दिराचा मित्र, मावशीचा जावई, सोसायटीतल्या काकूंची सून अशा शिफारशी येणारच. शिफारस नाकारू नका, पण तिला फक्त अर्जाचा दर्जा द्या. प्रश्न तेच, चौकशी तीच आणि कागदही तेच. सर्वांना एकच नियम आहे, हे आधीच सांगून ठेवले तर नात्यात कटुता येत नाही.

याउलट, जो माणूस आपण रोज पाहतो तो मात्र नजरेतून सुटतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापड बनवणारी श्री महिला गृहउद्योग ही संस्था उभी राहिली. देशभर शाखा पसरल्या तरी तिथे काम करणाऱ्या भगिनीच संस्थेच्या मालक राहिल्या आणि कारभारही त्यांच्यातूनच पुढे आलेल्या महिलांनी सांभाळला. बाहेर जाहिरात देण्याआधी आपल्याकडे पाच वर्षे काम करणाऱ्या ताईंकडे एकदा पाहा. अडचण आली की सगळ्या जणी कोणाकडे जातात? गल्ल्यात दहा रुपये जास्त आले तर कोण सांगते? त्यांना संगणक येत नसेल तर तो तीन महिन्यांत शिकवता येतो. त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा तर आधीच झालेली आहे.

सगळ्या चाव्या एकदम देऊ नका

निवड कितीही काळजीपूर्वक केली तरी पहिले सहा महिने प्रोबेशनचे ठेवा आणि ते पत्रात लिहा. अधिकार पायरीपायरीने द्या. पहिल्या महिन्यात रोजचे काम आणि किरकोळ खर्चाची ठरावीक रोकड, तिसऱ्या महिन्यात खरेदी, सहाव्या महिन्यानंतर नेमणुका. बँकेच्या मोठ्या व्यवहारांना दोन सह्या असाव्यात, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर यावा आणि बँकेचे स्टेटमेंट महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः पाहावे.

हा अविश्वास नसून दोघांचेही संरक्षण आहे. उद्या पैशांत फरक आला तर प्रामाणिक प्रमुखावर नाहक संशय येत नाही. गंमत म्हणजे, विश्वासू माणूस अशा नियमांना सहसा विरोध करत नाही, उलट स्वतःहून पावत्या फाइल करून ठेवतो. 'माझ्यावर भरवसा नाही का?' हा प्रश्न वारंवार ऐकू आला तर मात्र तुम्ही कान टवकारायलाच हवेत.

आठवड्यातून एकदा प्रमुखाला वगळून कर्मचाऱ्यांसोबत चहा घ्या. हेरगिरी करू नका, त्यांची विचारपूस करा. संस्थेतली बातमी तुमच्यापर्यंत पोहोचायला एकच दार असू नये.

एक प्रश्न स्वतःलाही विचारा

विश्वासू प्रमुख मिळाला तरी तो टिकतो का, हे बऱ्याच अंशी तुमच्यावर अवलंबून असते. पहिल्यांदा तो वाईट बातमी घेऊन येईल तेव्हा तुमच्या कपाळावर आठी उमटली, आवाज चढला किंवा 'तुम्हाला ठेवलंय कशाला?' असे शब्द बाहेर पडले, तर दुसऱ्यांदा ती बातमी येणारच नाही. प्रामाणिक माणूस काही काळ गप्प राहील आणि मग दुसरी नोकरी शोधेल. मागे उरतील ते फक्त गोड बोलणारे.

म्हणून नव्या प्रमुखाला पहिल्याच दिवशी सांगा, की चूक झाली तर त्याच दिवशी कळवा, ओरडा बसणार नाही, आपण मिळून मार्ग काढू. आणि तो दिवस येईल तेव्हा हा शब्द पाळा. सांगितल्याबद्दल आधी आभार माना, मग चुकीविषयी बोला. तुमचा शब्द खरा ठरला, हे त्या दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना कळेल. त्यानंतर काही बिघडले तर कोणीतरी तुम्हाला वेळेत फोन नक्की करेल.